जुलैचा फ्लास्क

मुलाणी सर,

आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहिण्याइतका मी मोठा नाही. विभागातल्या मॅडमनी कॉलेजच्या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं शिकवलेल्यांनी लिहावं. त्या म्हणाल्या, "ते लिहितीलच रे. तू लॅबमधलं लिही." पण मला लॅबमधलंही नीट लिहिता येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? माझ्या प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर तुम्ही लाल पेनने लिहिलं होतं, 'वाक्य संपव, मग श्वास घे.' आज वाक्यं संपवायचा प्रयत्न करतो.

आमच्या टाकव्याच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. गेलेल्या माणसाशी कागदावर कसं बोलायचं, हे विचारायला घरी कुणी नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "म्होरं बसल्यात असं समज अन् बोल. जित्या माणसापुढं कवा भ्यायलास, आता भितोयस त्यो?" तिला काय सांगू, तुमच्यापुढे मी रोज भ्यायचो. फक्त शेवटच्या दिवशी नाही. त्या दिवशी मी भांडलो, आणि ते भांडण अर्धंच राहिलं.

तो मे महिन्यातला शनिवार होता. तुम्ही म्हणत होतात, जुलैमध्ये आलेला निकाल खरा होता. मी म्हणत होतो, तो खोटा होता. भांडण एवढंच होतं. पण त्याच्यावर माझं सगळं अवलंबून होतं. तळेगावच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी पदरात होती, आणि पुण्याला पीएचडीसाठी मुलाखतीला बसावं असा तुमचा हट्ट होता. मुलाखतीत सांगण्यासारखं माझ्याजवळ एकच काम होतं, जुलैचं. आणि त्याच्यावरच माझा विश्वास उरला नव्हता.

सर, हा अंक कॉमर्सची मुलंही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चुकलं तर नेहमीसारखं चष्म्यावरून बघा. काही रेणूंचे दोन प्रकार असतात, उजव्या आणि डाव्या हातासारखे. सगळे अणू तेच, जोडणीही तीच, पण एक दुसऱ्यावर ठेवला तर बसत नाही. शरीराला हा फरक कळतो. औषधाचा एक हात रोग बरा करतो, दुसरा कधी नुसताच पडून राहतो, कधी अपाय करतो. साध्या प्रक्रियेत दोन्ही हात निम्मे निम्मे तयार होतात. आपल्याला हवा तोच हात जास्त तयार व्हावा म्हणून मदतनीस रेणू घालतात, त्याला उत्प्रेरक म्हणतात. पूर्वी त्यासाठी बहुतेक महागडे धातू लागायचे, हवा लागू नये म्हणून बंद पेट्या लागायच्या. मग लोकांच्या लक्षात आलं की साधे, छोटे, कार्बनी रेणूसुद्धा हे काम करतात. आपल्या अंगातल्या प्रथिनांत असतं तसलं एखादं अमिनो आम्लसुद्धा. अट एकच, त्या मदतनीसाला स्वतःचा हात असला पाहिजे.

पहिल्या तासाला तुम्ही हे सांगितलंत आणि म्हणालात, "बाळांनो, हे आपल्या कॉलेजला परवडणारं विज्ञान आहे. धातू नाही, पेटी नाही. बाटली उघडा, चमचाभर घाला, ढवळत ठेवा आणि चहा प्यायला जा." सगळे हसले. मी हसलो नाही. मला वाटलं, हे मला जमेल.

जुलैमध्ये ते जमलंही होतं. अमिनो आम्लाला मी एक लांब, तेलकट शेपटी जोडली होती. ती कल्पना तुमची, हात माझा. तेव्हा मावळात काहीच वाळत नाही. घरी गोधड्या दमट, कॉलेजात खडू दमट. दुपारी लाईट गेली आणि ओव्हन थंड पडला. फ्लास्क वाळवायचा राहिला. मी तो तसाच पुसून घेतला, खिडकीतून धुकं आत येत होतं, आणि प्रक्रिया लावून टाकली. तयार झालेला पदार्थ पुण्याला प्राजक्ताताईंकडे पाठवला. दोन हात वेगळे मोजणारं यंत्र आपल्याकडे नाही, ते त्यांच्या संस्थेत आहे, आणि तुमच्या एका फोनवर त्या आपले नमुने रांगेत घ्यायच्या.

आलेख आला तेव्हा तुम्ही तो मोबाईलवर मोठा करून पाहिलात. एक उंच टोक आणि त्याच्या पायाशी एक बारकासा उंचवटा.

"हे काय आहे माहितीये?" तुम्ही म्हणालात.

"एक हात जास्त आलाय सर."

"ते झालं पुस्तकातलं. ही आमच्या लोणावळ्याची नागफणी आहे, तो डोंगराचा सुळका. आणि हे शेजारी वारूळ. संदेश, लेका, तू नागफणी आणलीस!"

मग तुम्ही कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना चिक्कीचा चुरा वाटलात. अख्खी चिक्की पर्यटकांना, चुरा आपल्याला, हे तुमचं नेहमीचं. तुमच्या भावाच्या दुकानातून कागदात बांधून आणायचात आणि लॅबच्या दाराबाहेर उभं करून खायला लावायचात. त्या दिवशी मी आईला दोनदा फोन केला. काय झालं ते तिला कळलं नाही, पण चांगलं झालं एवढं कळलं.

भात कापणीला तुम्ही आमच्याकडे आलात ते मी विसरणार नाही. कान्हे स्टेशनला लोकलमधून उतरलात, मी मोटरसायकलवर आणलं. आईने चटई टाकली तर तुम्ही सरळ बांधावर जाऊन उभे राहिलात. तुम्हाला कापून बघायचं होतं. आईचा विळा घेतलात आणि भाताची मूठ धरून ओढलात. काड्या वाकल्या, मुळासकट हलल्या, पण कापल्या नाहीत.

आई पदर तोंडाला लावून हसत होती. "ऱ्हाऊ द्या सर. तुमास्नी न्हाई जमायचं. त्यो डाव्या हाताचा इळा हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी मी डावरी हाय. माझं हे पोरगंबी डावरंच. उजव्या इळ्याला दातं एका अंगानं पाडत्यात, मला ती दुसऱ्या अंगानं लागत्यात. लोहाराकडनं येगळा करून घेतलाय. लय बोलणी खाल्लीत म्या ह्या हातापायी."

तुम्ही विळा उलटासुलटा करून पाहिलात. मग डाव्या हातात धरलात, वेड्यावाकड्या चार काड्या कापल्यात आणि लहान मुलासारखे खूश झालात. "ताई," तुम्ही म्हणालात, "मी इतकी वर्षं पोरांना हातमोजे दाखवतोय. हा विळा आधी का नाही दाखवला मला कुणी?"

"तुमी कवा कापायला आलात?" आई म्हणाली.

निघताना तुम्ही तो विळा पुढच्या आठवड्यात वर्गात आणायला सांगितलात. मी म्हटलं, सर, तुम्हीच आत्ता घेऊन जा की. तर म्हणालात, "मी गाडीत विळा घेऊन बसू? या वयात पोलिसांना रसायनशास्त्र समजावू?" मग मीच पोत्यात गुंडाळून आणला, बरोबर भाताची पेंढी. वर्गात सगळ्यांनी कापून पाहिलं, कुणालाच जमेना. मग तुम्ही मला बोलावलंत. मी एका झटक्यात कापलं. लहानपणी शाळेत ज्या हातावर पट्ट्या खाल्ल्या होत्या तो हात वर धरून तुम्ही वर्गाला म्हणालात, "विळ्याला हात आहे, म्हणून तो एकाच हाताला चालतो. उत्प्रेरकाला हात नसेल तर तो तुम्हाला हात देणार नाही. लक्षात राहील?" त्यांच्या लक्षात राहिलं का ठाऊक नाही. माझ्या राहिलं. तेव्हा मला तुम्हाला काहीतरी म्हणायचं होतं. शब्द जुळले नाहीत, आणि तास संपला.

मग फेब्रुवारी आला. तुम्ही म्हणालात, एकदा आलेलं काहीच नसतं, पुन्हा आलं पाहिजे. मी ठरवलं, या वेळी मोठ्या लॅबमध्ये करतात तसं करायचं. जुलैचा पुसलेला फ्लास्क मला आठवला की लाज वाटायची. मी ओव्हन रात्रभर चालू ठेवला. द्रावक वाळवून घेतलं. नवी बाटली फोडली, फ्लास्कच्या तोंडाला रबरी बूच, वर फुग्यात कोरडा नायट्रोजन. इतकं नीटनेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. आणि आलेखात दोन टोकं आली. शेजारी शेजारी, एक किंचित उंच.

"लोहगड-विसापूर, जोडकिल्ले," तुम्ही हळूच म्हणालात.

मार्चमध्ये पुन्हा तेच. एप्रिलमध्ये पुन्हा तेच.

मला वाटलं, झालं. जेव्हा घाण काम केलं तेव्हा नागफणी आली आणि स्वच्छ केलं तेव्हा गेली, म्हणजे नागफणीच खोटी. कुठलातरी नमुना मिसळला असेल, कुठलीतरी बाटली चुकली असेल. तुम्ही मात्र एकच विचारत राहिलात, "काय काय बदललंस?" मी म्हणायचो, "काही नाही सर, फक्त नीट केलं." तुम्ही म्हणायचात, "'नीट' हा एक बदल नाही, बाळा. त्यात दहा बदल असतात."

त्या शनिवारी तुम्ही म्हणालात, "पाणी घालून बघ."

मी म्हणालो, "सर, आपल्या प्रक्रियेसारख्या निम्म्या रिसर्च पेपरांत कोरडंच लिहिलंय."

"आणि उरलेल्या निम्म्यांत?"

"त्यांचे उत्प्रेरक वेगळे आहेत."

"तुझाही वेगळाच आहे. त्याला तेलकट शेपटी आहे. हे बघ, पावसात एसटीच्या शेडखाली माणसं कशी उभी राहतात? दाटीवाटीने, भिंतीला पाठ लावून, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. ऊन असलं की तीच माणसं पांगतात, कुणी इकडे तोंड करून, कुणी तिकडे. पाण्यात तुझ्या तेलकट रेणूंची तीच गत होत असेल. दाटीने एका बाजूला तोंड करून उभे राहत असतील."

"असेल, असतील. मुलाखतीत असेल-असतील सांगू का, सर?"

आवाज चढला माझा. तुम्ही शांतच होतात. "पाणी म्हणजे काय पाप आहे का रे? ओव्हनचाच धर्म झालाय तुझा."

"सर, जुलै खोटा होता. मला नोकरी घेऊ द्या."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "खोटं बोलायला फ्लास्कला तोंड असतं का? तुझा हात चांगला आहे, संदेश. मी पुष्कळ हात पाहिलेत. सोमवारी बोलू."

मी दप्तर उचलून सोमाटणे फाट्याकडे निघालो. जिन्यात वळून पाहिलं नाही. तुम्ही लॅबमध्येच थांबला होतात. मला वाटलं, गाडीला वेळ असेल.

रविवारी दुपारी विभागाच्या ग्रुपवर मेसेज आला. पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, दुसरे कुणी मुलाणी असतील.

लोणावळ्याला पोचलो तेव्हा तुम्हाला नेत होते. अशा ठिकाणी काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. कुणाच्या मागे उभं राहायचं, डोक्यावर काय घ्यायचं. तुमच्या भावाने मला ओळखलं. स्वतःच्या खिशातला रुमाल त्यांनी माझ्या डोक्याला बांधला आणि म्हणाले, "संदेश ना तू? डावखुरा? घरी रोज तुझंच चालायचं." मग माती द्यायची वेळ आली. मी सवयीने डावा हात पुढे केला आणि मध्येच थांबलो, वाटलं चालत नसेल. तुमचे भाऊ शेजारीच होते. "टाक बेटा," ते म्हणाले, "त्याला तुझा हा हात माहितीये."

सर, तेव्हा रडू आलं नाही. ते सोमवारी आलं.

सोमवारी कॉलेज बंद होतं, पण तुमचा डबा आणि वाचायचा जाड चष्मा लॅबमध्ये राहिले होते, ते आणून द्यायला तुमच्या घरून चाचींनी फोनवर सांगितलं होतं. शिपाईमामांनी कुलूप उघडलं. आत टकटक असा बारीक आवाज येत होता. वाफा बाहेर ओढणाऱ्या धुरांड्याच्या कपाटात ढवळणी चालू होती. तिच्यावर एक फ्लास्क, आणि त्यात चुंबकाची कांडी गरागरा फिरत होती. आतलं सगळं तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं, गढूळ. कोरड्या प्रक्रियेत असं गढूळ दिसत नाही. ते पाणी होतं. मी निघून गेल्यावर तुम्ही स्वतः लावून गेला होतात. शनिवारची संध्याकाळ, रविवार, तुम्हाला मातीत ठेवलं ती वेळ, या सगळ्या वेळात ती कांडी फिरत होती.

शिपाईमामा म्हणाले, "बंद करू का? लाईट जळतीय फुकट." मी त्यांना नको म्हटलं आणि तिथेच स्टुलावर बसलो. बसूनच रडलो. मामांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर उभे राहिले.

मग तुम्ही शिकवलं तसं केलं. काचेच्या नळीने थेंब घेतला, पट्टीवर लावला, दिव्याखाली धरला. सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका संपला होता. प्रक्रिया पूर्ण झाली होती, म्हणजे आता थांबवायला हरकत नव्हती. तरीही बटणावर हात ठेवून मी बराच वेळ उभा होतो.

पदार्थ वेगळा केला, शुद्ध केला, वाळवला. हे काम मी इतकं हळू कधी केलं नव्हतं. आपल्या जुन्या पोलरीमीटरचा दिवा गेलेला, त्यामुळे हात कुठला ते इथे कळायची सोय नव्हती. कुपी घेऊन मी स्वतः पुण्याला गेलो. प्राजक्ताताई गावी गेल्या होत्या, आणि यंत्र दुरुस्तीला निघालं होतं. त्यांच्या एका ज्युनिअरकडे कुपी ठेवून आलो. कुपीवर फक्त माझं नाव आणि 'जुलैशी ताडून बघा' एवढंच लिहिलं. फ्लास्क कुणी लावला होता, ते लिहिलं नाही. मला भीती वाटली, सर. भांडणात मी जिंकावं असं फेब्रुवारीपासून वाटत होतं, आणि आता मी हरावं म्हणून जीव तुटत होता. अशा वेळी माणूस आलेखात हवं ते बघतो, हे तुम्हीच सांगितलं होतं. निदान ताईंच्या डोळ्यांवर तरी ते ओझं नको.

तेव्हापासून वाट पाहतोय. कंपनीने रुजू व्हायची तारीख एकदा पुढे ढकलली आहे. मुलाखतीचं पत्रही आलंय. आई गुलाबाच्या पॉलीहाऊसमधल्या कामावरून येते, बोटांना काटे टोचलेले असतात, आणि विचारते, "आलं का रं सरांचं?" तिला तो तुमचा निकाल वाटतो, तुमचीच परीक्षा आहे असं. मी "न्हाई अजून" म्हणतो. ती म्हणते, "येईल. घाईचं काम न्हवतं त्यांचं कवाबी."

मधल्या दिवसांत मला तुमचा राग पण आला. लिहू की नको कळत नव्हतं, पण लिहितो. मला थांबवायचं होतं ना त्या शनिवारी. म्हणायचं होतं, चल, दोघं मिळून लावू. मी थांबलो असतो, सर. नुसती जिन्यातून हाक मारली असतीत तरी परत आलो असतो. मग वाटतं, तुम्ही कधीच हाक मारून कुणाला पटवलं नाहीत. ढवळत ठेवायचात आणि चहा प्यायला जायचात. मला सोमवारी येऊन स्वतःच ते गढूळ पाणी दिसावं, तुम्ही कोपऱ्यात चष्मा पुसत उभे असावेत, असं तुमच्या मनात असेल. पुन्हा 'असेल'. बघा, माझं वाक्य परत असेल-असतीलवर आलं.

विळ्याच्या तासाला जे म्हणायचं राहिलं ते आता जुळलंय का? नाही. एवढंच सांगतो की त्या दिवसानंतर मी वहीवर डावा हात आडवा धरून लपवायचं सोडलं.

इथपर्यंत काल लिहून ठेवलं होतं. आज दुपारपर्यंत मॅडमकडे द्यायचं होतं. सकाळी आईला कामावर सोडून परत येताना टाकव्याच्या पुलावर फोन वाजला. प्राजक्ताताई होत्या. कालच गावाहून आल्या होत्या आणि यंत्रही कालच सुरू झालं होतं. तुमचं त्यांना काही माहीत नव्हतं.

"अरे संदेश, तुझा नमुना रात्री लावला होता. कुणी केलंय हे? तू?"

मी गाडी कडेला घेतली. "ताई, किती टोकं आहेत?"

"एकच म्हण ना. शेजारी आहे बारकं, शोधावं लागतंय. जुलैचा आलेख वर ठेवून बघितला, तंतोतंत बसतोय. काय बदललंत?"

"पाणी घातलं, ताई."

"बघ! सरांना सांग आधी. खूश होतील."

मी एवढंच म्हणालो, "सांगतो."

सर, नागफणी आली. शेजारी वारूळ आहे.